मुसम्मात ठकीची जागा

"हा कागद हाय का कुंकवाची पुडी?"

पाटील हे बोलला आणि शाळेच्या ओट्यावर बसलेले सगळे हसले. गुरुजी हसले. तपासणीला आलेले इन्स्पेक्टर तेलुगू बोलणारे होते, तेही अर्धवट समजून हसले. माझ्या वर्गातली पोरं तर पोट धरून हसली. माझा बाप खाली उभा होता. भुईवर, उन्हात, हात जोडून. तो हसला नाही, पण हसल्यासारखं तोंड त्यानं केलं. मालक हसत असले की आपणही तोंड तसं ठेवायचं, ही आमच्या घराची जुनी सवय.

मी तेव्हा पाचवीत होते. त्या कागदासकट बापाला घरून बोलावून मीच आणलं होतं.

झालं असं. इन्स्पेक्टर साहेब वर्गात आले आणि मोडक्या मराठीत विचारलं, "तुमची शाळा कशी झाली, कोण सांगणार?" गुरुजींनी पाटलाच्या मुलाला उभं केलं. तो माझ्याच वर्गात. त्याला सगळं पाठच होतं. शाळेची जागा आमच्या पणजोबांनी दान दिली, ते फार थोर होते, वगैरे. साहेब म्हणाले, "शाब्बास. आणखी कोणी?"

मी हात वर केला. मी दारापाशी बसायची, जिथं सगळ्यांच्या चपला असत. तिथं बस असं मला कोणी कधी सांगितलं नव्हतं. आमच्यातल्या पोरांनी तिथं बसायचं हे भिंतीला पण माहीत होतं. दारातूनच मी म्हणाले, "ही जागा माह्या बाच्या आजीनं देली. ठकीनं. घरी कागद हाय."

गुरुजी ओरडले, "बस खाली!" पण साहेब खुशीत होते. त्यांना गंमत वाटली. "पो, तीसुकुरा," म्हणाले. जा, घेऊन ये.

मी धावत सुटले.

बाप अंगणात केरसुण्या बांधत बसला होता. शिंदीची पानं पायात धरून. मी सांगितलं तसा तो आधी घाबरला. मग म्हणाला, "साहेबानं सोता बोलावलं?"

"हो बा."

त्यानं हातपाय धुतले. लग्नाकार्यात घालायचा सदरा घातला. देव्हाऱ्यातून कागद काढला, कपाळाला लावला आणि तांबड्या फडक्यात गुंडाळला. वाटेनं तो सारखा बोलत होता. एरवी दिवसाला चार शब्द बोलणारा माणूस. "आज दाखवतो. वर सरकारी मोहोर हाय. बुढी सांगून गेली, जपून ठेवजा म्हने." मी त्याच्या पुढं उड्या मारत चालले होते. बापाचा मला इतका अभिमान वाटला होता की काय सांगू.

आता त्या कागदाचं सांगते.

निजामाच्या काळात माझ्या पणजीला, म्हणजे ठकीला, तो कागद कचेरीतून मिळाला. कागद उर्दूत. आमच्या घरात कोणाला मराठी अक्षर येत नव्हतं, तर उर्दू कुठून येणार? ज्याला वाचता येत नाही तो काय करतो? पूजा करतो. ठकीनं कागद देवाच्या टाकाशेजारी ठेवला. दर दसऱ्याला आमच्यात हलगी पुजतात, विळा पुजतात, दोर वळायची आकडी पुजतात. त्या रांगेत हा कागदही मांडला जायचा. त्याला हळद. त्याला कुंकू. तेलाच्या बोटानं टिळा. ठकीनं लावलं, तिच्या सुनेनं लावलं, माझ्या मायनं लावलं. मी पण लावलंय. हौसेनं, जास्तच. घरातल्या सगळ्यात मोलाच्या वस्तूची आम्ही आमच्या हातांनी इतकी वर्षं सेवा केली की तिच्यावरचं एक अक्षर उरलं नाही.

हे आम्हाला माहीत नव्हतं. कागद आम्ही उघडून पाहत नव्हतो. देव कोणी उघडून पाहतो का?

पाटलानं तो दोन बोटांनी धरून उघडला. सगळ्यांना दाखवला. नुसता लाल आणि पिवळा. तेलानं आरपार दिसणारा. मोहोर होती तिथं कुंकवाचा थर. मग तो पुडीचं बोलला आणि सगळे हसले, ते मी वर सांगितलं.

हसणं संपल्यावर पाटलाचा आवाज बदलला. "काय रे. माह्या आज्यानं देलेली जागा तुह्या बुढीची? साहेबासमोर आमची अब्रू काढतं? बोल, खोटं बोललो म्हन."

बाप म्हणाला, "खोटं बोललो मालक."

"असं नाही. नाक घास."

माझ्या बापानं शाळेच्या पायरीवर नाक घासलं. तीनदा. सदरा मळू नये म्हणून त्यानं आधी त्याचं टोक कमरेत खोचलं. हे मला आजही दिसतं. मग उठून तो म्हणाला, "जागा तुमचीच हाय मालक. पोरीले काई समजत नाही."

मग मला म्हणायला लावलं. मीही म्हणाले. इन्स्पेक्टर साहेबांसाठी तोवर चहा आला होता. त्यांनी बशीत ओतून तो शांतपणे प्यायला.

घरी येताना बाप माझ्या पुढं चालला होता. मला राग आला होता, आणि तो पाटलावर काढायची सोय नव्हती. म्हणून जो जवळ होता त्याच्यावर काढला. भर रस्त्यात मी ओरडले, "बा, तू खोटारडा हाय."

तो म्हणाला, "हो."

एवढंच. हो.

त्या संध्याकाळी त्यानं तो कागद चुलीत घातला. माय रडली, आडवी पडली. तो म्हणाला, "पुडीच हाय ते." तेलकट कागद भसकन पेटला. पुढच्या दसऱ्याला ती जागा रिकामी राहिली आणि त्या वर्षी तिथं फूल ठेवायलाही कोणी धजलं नाही.

सातवीनंतर मी शाळा सोडली. पुढं लग्न झालं. बापाला मुलगा नव्हता, म्हणून नवराच आमच्या घरी राहायला आला. एकरभर जमीन बटईनं, निम्म्या वाट्यानं करतो आम्ही, वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर लावतो. आठवड्याला मी माल घेऊन बसनं आदिलाबादच्या बाजारात जाते. बाप हातपाय चालत होते तोवर माझ्यासोबत यायचा, केरसुण्या विकायला.

मोठी झाल्यावर एकदा धीर करून मी त्याला विचारलं होतं, "बा, ठकीचं ते खरं होतं का?"

तो पानं सोलत होता. मान वर न करता म्हणाला, "बुढी सांगे, आमी आयकू. तिनं बी बनवलं असंल. गरिबाले कायतरी लागते सांगाले."

म्हणजे पाटलानं त्याचं नाक नुसतं पायरीवर घासलं नव्हतं. डोक्यातलंही पुसून काढलं होतं. माझ्या बापाला स्वतःलाच वाटू लागलं होतं की आपण लबाड माणसाच्या वंशातले.

मागच्या वर्षी, कापूस फुटायच्या दिवसांत, तो गेला. छातीत पाणी झालं होतं. शेवटच्या दिवशी दवाखान्यात त्यानं माझा हात धरला. बोलायला त्रास होत होता. म्हणाला, "तुले मी लहानपनी खोटं शिकवलं. चारचौघांत तुही फजिती झाली. माफ कर वं पोरी."

मी म्हणाले, "जाऊ दे बा. केलं माफ."

मी माझ्या बापाला माफ केलं. ऐकताय ना? जो गुन्हा त्यानं केलाच नव्हता त्याची त्यानं माफी मागितली आणि मी मोठ्या मनानं ती दिली. तो डोळे मिटून पडून राहिला. दुपारी गेला.

तो गेल्यावर दोन महिन्यांनी गावात ग्रामसभा झाली. पाटलाचा तो मुलगा, माझ्या वर्गातला, आता सरपंच आहे. म्हातारा पाटील वारला. शाळेला मोठी कमान बांधायची ठरलं होतं आणि कमानीवर जागा देणाऱ्या पणजोबांचं नाव टाकायचं होतं. "कोणाची हरकत?" कोणाची नव्हती. "हात वर करा." सगळ्यांनी केले. मीही केला. वहीत सही केली. मला त्यात काही वावगं वाटलं नाही, हे मला इथं सांगितलंच पाहिजे. माझ्या बापाच्या 'हो' मध्ये मी माझा हात मिळवून आले.

आदिलाबादला भाजीबाजाराच्या कडेला एक जुनी सरकारी इमारत आहे. तिच्या भिंतीला लागून आम्ही दुकान मांडतो. त्या भिंतीवर एक पाटी होती, तेलुगूत, उर्दूत आणि मराठीत. रोज दिसते ती वस्तू माणूस वाचत नाही. एके दिवशी माल लवकर संपला, बसला वेळ होता, तेव्हा वाचली. "आपल्या गावाचे जुने कागद पाहायला या. कोणीही येऊ शकते."

कोणीही, हा शब्द मी तीनदा वाचला. आमचा अनुभव असा की 'कोणीही' म्हणतात तेव्हा आपण त्यात नसतो. पण आत पंखा फिरताना दिसत होता आणि बाहेर ऊन मी म्हणत होतं. फार तर हाकलतील. हाकलल्याची काय नवलाई?

दारात टोपली ठेवली. टेबलामागची तरुण बाई म्हणाली, "आत आणा, बाहेर कोणी नेईल." मग खुर्चीकडं हात करून म्हणाली, "कूर्चोंडी अम्मा." बसा. सरकारी खोलीत मला कोणी मानानं बसा म्हणण्याची ती पहिली वेळ. मी खुर्चीच्या कडेला बसले.

आत चारपाच टेबलं, दोन कॉम्प्युटर, भिंतीवर जुने नकाशे. एक गोंड म्हातारा नकाशावर बोट फिरवत आपला जुना गुडा, म्हणजे पाडा, शोधत होता. सापडला तसा त्यानं बायकोला हाक मारली आणि दोघं त्या ठिपक्याकडं बघत उभे राहिले. बोथ गावाकडचे एक दुकानदार आपल्या गावचा बाजार कधी भरायला लागला ते पाहायला आले होते. कोणी कोणाला विचारत नव्हतं, तू कोण, तुला काय करायचंय.

त्या बाईनं एक फॉर्म दिला. नाव, गाव, काय पाहायचं आहे. एवढंच. मी फॉर्म उलटा करून पाहिला. जातीचा रकाना मागंही नव्हता.

काय पाहायचं आहे, तिथं मी थांबले. खरंतर मी पंखा पाहायला आले होते. पण हातानं लिहिलं, 'शाळा'.

उर्दू वाचून सांगायला तिथं एक निवृत्त मास्तर बसतात. सगळे त्यांना मास्टरसाब म्हणतात. पांढरी दाढी, जाड भिंगाचा चष्मा. त्यांनी फॉर्म पाहिला. "क्या होना अम्मा? मदरसे का क्या देखना?" शाळेला ते मदरसा म्हणत.

मी सगळं सांगितलं. कुंकवाचं पण सांगितलं. वाटलं होतं हसतील. ते हसले नाहीत. म्हणाले, "जो घर में था वो नक़ल था. असल तो दफ़्तर में रहता. दफ़्तर वाले पूजा नहीं करते."

मला ही गोष्ट माहीतच नव्हती. कागदाची एक प्रत माणसाला देतात आणि दुसरी सरकार ठेवतं, हे आमच्या सात पिढ्यांत कोणाला माहीत नव्हतं. आम्हाला वाटायचं, कागद जळला म्हणजे संपलं.

त्या दिवशी गावच्या जमिनीची जुनी दप्तरं पाहिली. कॉम्प्युटरवर एकेक पान. मास्टरसाब वाचत गेले. पाटलांची नावं, त्यांची शेतं, वतनं. ठकी कुठंच नव्हती. मी टोपली उचलली आणि बसमध्ये बसले. खोटं कशाला सांगू, मला हलकं वाटलं. बाप म्हणायचा तसंच होतं तर. बुढीनं बनवलं होतं. विषय संपला.

पण पुढच्या बाजाराला मास्टरसाबांनीच खिडकीतून हाक मारली. "अम्मा! ज़मीन में नहीं मिला तो तालीमात में देखेंगे. मदरसा है ना? तो मदरसे वालों ने भी कुछ लिखे होंगे." तालीमात म्हणजे तेव्हाचं शिक्षण खातं. एकाच गावची गोष्ट वेगवेगळ्या खात्यांत विखुरलेली असते, एका दाराशी नाही मिळाली तर दुसऱ्या दाराशी विचारायचं, हे त्यांनी मला समजावलं. त्या दिवशी यादी पाहून झाली. आमच्या गावच्या नावाची एक मिसल, म्हणजे जुन्या कागदांची फाईल, निघाली. ती पुढच्या खेपेला उघडायची ठरली.

तो आठवडा मला झोप लागली नाही. सापडावं असंही वाटे आणि सापडू नये असंही वाटे.

मिसल फार मोठी नव्हती. सहा पानं. मास्टरसाब आधी उर्दूत वाचत, मग हिंदीत सांगत, आणि मी वहीत मराठीत लिहून घेत होते.

तालुक्याच्या अंमलदारानं लिहिलं होतं: मौज्यात मदरसा मंजूर झाला आहे, जागा हवी. गावच्या पाटलाला विचारलं. पाटील म्हणतो, माझ्याकडं मोकळी जागा नाही.

मास्टरसाबांनी पान बदललं. "मुसम्मात ठकी, बेवा लच्छू, क़ौम मांग, ख़ुद हाज़िर आई."

मी म्हणाले, "परत वाचा."

त्यांनी परत वाचलं. मुसम्मात म्हणजे काय, मी विचारलं. म्हणाले, "औरत के नाम के आगे लिखते. बाक़ायदा." बाक़ायदा! आमच्या ठकीच्या नावापुढं सरकारनं काहीतरी मानाचं लिहिलं होतं. आणि ती स्वतः चालत गेली होती कचेरीत. विधवा बाई. त्या काळात.

तिचा जबाब असा होता: माझ्या नवऱ्याच्या गावकीच्या इनामातून वेशीजवळची अर्धा एकर जमीन मी मदरशाला देते. बदल्यात काही नको. अट एकच. माझ्या जातीची मुलं मदरशाच्या छपराखाली बसावीत, बाहेर नाही.

खाली अंगठा. त्याखाली साक्षीदार, पाटील. स्वच्छ सही. आणि शेवटी हुकूम: मंजूर. नक्कल मुसम्मातला आणि पाटलाला द्यावी.

मी पडद्यावरच्या त्या अंगठ्यावर बोट ठेवलं. काच गार होती. टेबलामागच्या बाईनं, हात लावू नका, असं म्हटलं नाही. मला हुंदका आवरला नाही. शेजारचे लोक बघायला लागले. त्यांना वाटलं असेल, बाईला सापडलं म्हणून आनंदानं रडते आहे. मला कसला आनंद? मला फक्त दवाखान्यातली ती दुपार दिसत होती. केलं माफ, म्हणणारं माझं तोंड दिसत होतं.

"मास्टरसाब, माहा बा गेला," मी म्हणाले. "मागच्या साली."

त्यांनी चष्मा काढला. पुसला. मग खाली मान घालून म्हणाले, "हम तो इधर दो साल से बैठे हैं, अम्मा."

दोन साल. म्हणजे माझा बाप या भिंतीला पाठ टेकून केरसुण्या विकत होता, तेव्हा त्याचं खरेपण भिंतीच्या आत होतं. वितीच्या अंतरावर. पाटी त्याला वाचता येत नव्हती. मला येत होती. त्याच शाळेनं मला वाचायला शिकवलं होतं आणि मी ती पाटी दोन वर्षं वाचली नाही. बाप हयात असताना मी एकदा मान वर केली असती, तर तो खोटारडा म्हणून मेला नसता. या गोष्टीवर मला औषध सापडलेलं नाही. सापडेल असं वाटत पण नाही.

रीतसर अर्ज करून शिक्क्याची नक्कल घेतली. सोबत तेलुगू आणि मराठीत भाषांतर. या वेळी देव्हाऱ्यात ठेवली नाही. प्लास्टिकच्या पाकिटात घालून धान्याच्या कोठीवर ठेवली, आणि तिच्या चार झेरॉक्स काढल्या.

मग सरपंचाकडं गेले.

त्यानं मला खुर्ची दिली. काळ बदललाय म्हणायचा. "ये बाई, बस," म्हणाला. मी झेरॉक्स दिली. त्यानं पूर्ण वाचली. मी त्याच्या तोंडाकडं बघत होते. मला वाटलं होतं, दचकेल, चिडेल, खोटं आहे म्हणेल. त्यानं कागदाची घडी घातली आणि परत माझ्या हातात दिली.

त्याला काहीच नवल वाटलं नव्हतं.

"तुले माहीत होतं," मी म्हणाले.

"घरात नक्कल हाय," तो म्हणाला. "आबा सांगत."

आबा म्हणजे म्हातारा पाटील. म्हणजे ज्या दिवशी त्यानं शाळेच्या ओट्यावर कुंकवाची पुडी म्हणून सगळ्यांना हसवलं, त्या दिवशी त्याच्या पेटीत तेच अक्षर कोरं करकरीत पडलं होतं. त्यांनी पुजलं नव्हतं ना. त्यांना वाचता येत होतं. तो माझ्या बापाला खोटारडा समजून नाक घासायला लावत नव्हता. तो खरा आहे हे माहीत होतं, म्हणून लावत होता.

सरपंच समजुतीनं बोलायला लागला. "हे पाय बाई, आता जुनं काऊन उकरून काढून राह्यली? कमानीचं काम चालू झालं. नाव पणजोबाचं राहू दे. खाली ठकीबाईचं टाकतो बारक्या अक्षरात. जागेसाठी सहकार्य, असं. तुमचा बी मान राहील."

"अन माह्या बाचं काय?"

"त्याचं काय?"

"तो खरं बोलला होता. हे गावासमोर तू म्हन. मग बोलू कमानीचं."

तो हसला. त्याच्या बापासारखं नाही, हळू. "मेल्या माणसाले आता काय फरक पडते? अन तू सोता ग्रामसभेत हात वर केला होता. सही हाय तुही. ते पन कागदच हाय ना?"

बरोबर बोलला. आपल्याच हातानं आपल्या पायावर धोंडा. माझ्याविरुद्धचा कागद मी माझ्या हातानं दिलेला. आमच्या घरातली ती जुनी सवय माझ्या तोंडावर यायला बघत होती. गाल ताणले गेलेले मला कळले. हसू फुटायच्या आत मी उठले.

"नाही," मी म्हणाले. "बारक्या अक्षरात नको. खाली नको. अन सही मी केली ती चूक केली, हे मी सांगन सगळ्यांसमोर. मी सांगाले लाजत नाही. तुमी लाजता."

बोलले खरं, पण बाहेर पडल्यावर मी भराभर चालत घर गाठलं, हे पण सांगते. वाघीण वगैरे कोणी नाही मी. भाजी विकणारी बाई आहे.

मी मंडळाच्या, म्हणजे तालुक्यासारख्या सरकारी ऑफिसात अर्ज दिला. शिक्षण खात्यात दिला. साहेब म्हणाले, कमानीवरच्या नावाचं पाहू, चौकशी करू. पण कोणी कोणाबद्दल गावासमोर काय बोलावं, याचा हुकूम आम्ही काढू शकत नाही. नवरा म्हणतो, सोड आता. आमच्या मांगवाड्यातले म्हणतात, आपल्याला इथंच राह्याचं हाय, पाण्यात राहून माशाशी वैर कशाला? त्यांचंही खरं आहे. बटईची जमीन पाटलाच्या भावकीतली आहे. यंदाची वांगी काढून झाली की ती सोडा, असा निरोप आला आहे.

मागच्या ग्रामसभेत मी उभी राहिले. आधी माझ्या सहीचं सांगितलं. मग हुकूम वाचायला घेतला. तिसऱ्या ओळीला माईक बंद झाला. मी वाचत राहिले. पुढचे लोक उठून गेले, खुर्च्या वाजवत. शेवटी आमच्या वाड्यातल्या सहासात बाया उरल्या. ज्या घरांनी मला अर्ज मागं घे म्हणून सांगितलं त्याच घरातल्या. एक म्हातारी म्हणाली, "मोठ्यानं वाच, आयकू येत नाही." मी मोठ्यानं वाचलं. संपल्यावर तिनं विचारलं, "आमच्या बी घरचं काई असंल का गं तेथं?" आता बाजाराच्या दिवशी माझ्यासोबत दोघीतिघी त्या जुन्या कागदांच्या खोलीत येतात. एकीला सासऱ्याची विहीर शोधायची आहे. फॉर्म मी भरून देते.

माझ्या बापाला हे काही कळणार नाही. त्यानं मरताना जे मानलं ते मानूनच तो गेला. कोणताही शिक्का ते उलटवू शकत नाही. माझं दुःख हलकं झालेलं नाही आणि ते व्हावं अशी माझी इच्छाही नाही. सरपंच भेटला की म्हणतो, किती दिवस करशील? जमीन गेली तर जाऊ दे, मी मजुरीला जाईन. कमान उभी राहिली तर राहू दे, मी तिच्याखाली उभी राहून सांगेन. त्याच्या तोंडून गावासमोर निघेपर्यंत, की माझा बाप खरं बोलला होता, मी थांबणार नाही. सरपंच मेला तर त्याच्या मुलाला विचारेन.

पुढची ग्रामसभा बुधवारी आहे. माईक देणार नाहीत, सांगून ठेवलंय त्यांनी. मी जाणार, आणि पहिल्या ओळीपासून वाचणार.